काकासाहेबांचं ‘नको’

“काकासाहेब, चहा घेता का?” दार वाजवून, आत येऊ का म्हणून विचारून, मगच मीनानं विचारलं.

“नको गं पोरी, कशाला तरास,” म्हणत काकासाहेब मिशीवरून हात फिरवत दुसऱ्या आग्रहाची वाट पाहू लागले.

“बरं,” मीना म्हणाली आणि ट्रे घेऊन निघून गेली.

काकासाहेब दाराकडे बघतच राहिले. त्यांचं सगळं आयुष्य धावडा गावात गेलेलं. तिथं पहिल्यांदा ‘नको’ म्हणायचं, दुसऱ्यांदा ‘आत्ताच झाला’ म्हणायचं आणि तिसऱ्यांदा कपबशी हातात कोंबली की ‘बरं, अर्धाच’ म्हणून पूर्ण प्यायचा. पहिल्याच हाकेला हो म्हणणारा तो हावरट. मांडीचं हाड मोडल्यावर ते परतूरच्या या वृद्ध सेवा केंद्रात आले, पण हा रिवाज काही मोडला नव्हता.

मीनाच्या आधीची मावशी विचारतच नसे. ‘ए बाबा, ऊठ’ म्हणून कप आदळायची. काकासाहेबांना ते फार लागायचं, पण चहा मिळायचा. मीना नुकतीच रुग्णसेवेचा कोर्स करून आलेली. आधी विचारायचं, माणूस नको म्हणाला तर तो त्याचा हक्क, जबरदस्ती करायची नाही, असं ती शिकली होती.

दुपारी तिनं विचारलं, “ताट आणू?”

“भूक न्हाई तशी.”

“बरं.”

संध्याकाळचा उपमाही असाच दारावरून गेला. शेजारच्या खाटेवरच्या बद्रीनाथांचं तोंड मात्र चालू होतं.

“उपास धरला का काय?” त्यांनी विचारलं.

“बद्रीनाथ, या पोरीला माझा राग आलाय का हो?”

“मला काय ठाऊक? मी हो म्हणतो, ती देती.”

“एकदम हो? लाज न्हाई वाटत?”

“वाटती. पण भुकेपुढं कमी वाटती.”

तिकडे मीनाही गोंधळली होती. ती केंद्र चालवणाऱ्या साधनाताईंकडे गेली. “ताई, काकासाहेब काहीच घेऊन न्हाई राह्यले. माझं काही चुकलं का?”

ताई स्वतः येऊन विचारून गेल्या, “काही तक्रार आहे का?”

“न्हाई, न्हाई! समदं बराबर आहे,” काकासाहेब हसून म्हणाले. ताईंनी बाहेर जाऊन थेट त्यांच्या मुलाला फोन लावला.

सकाळी जालन्याहून सोमेश्वर धावतपळत आला. “बाबा, अन्न सोडलं म्हणं तुम्ही? चला घरी.”

सोमेश्वरचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट सदा बंद, दिवसभर कुलूप आणि टीव्ही. इथं अंगणात कडुलिंबाची सावली होती, भांडायला बद्रीनाथ होते.

“न्हाई रे, मला इथंच राह्यचं.”

“कळलं,” म्हणत सोमेश्वरनं खाटेखालची पिशवी ओढली.

“न्हाई म्हणलो ना!”

“तुमचं न्हाई मला ठाऊक आहे बाबा. माझ्या लग्नात फेट्याला किती न्हाई न्हाई केलं! मंग रात्री झोपताना तरी उतरवला का?”

“अरे ते येगळं! हे खरं न्हाई आहे!”

“तव्हाबी असंच म्हणाल्ते.” सोमेश्वरनं धोतराची घडी घातली. काकासाहेब जितक्या जोरात नको म्हणत, तितक्या झपाट्यानं कपडे पिशवीत जात. जन्मभर खोटंच ‘नको’ म्हणत आलेल्या माणसानं आता खरं ‘नको’ आणावं कुठून?

दार वाजलं. “काकासाहेब, आत येऊ का?”

“ये पोरी, जल्दी ये!”

मीनानं पिशवी पाहिली. मुलाला काही न विचारता ती खाटेजवळ गेली. “काकासाहेब, तुम्हाला घरी जायचंय?”

“न्हाई.”

“बरं,” मीना म्हणाली आणि सोमेश्वरकडे वळली. “साहेब, ते न्हाई म्हणाले.”

“अहो ताई, त्यांचं न्हाई म्हणजे हो असतं! तीनदा विचारावं लागतं.”

“मला एकदाच कळतं. जायचं का राह्यचं, त्यांनी ठरवायचं.”

ज्या ‘बरं’नं उपाशी ठेवलं, तेच ‘बरं’ ऐकून काकासाहेबांचे डोळे भरून आले. सोमेश्वरचा हात पिशवीतच थांबला.

“मंग जेवत का न्हाई हे?” त्यानं विचारलं. काकासाहेब छताकडे बघू लागले.

मीनालाही काही उलगडेना. तिनं आपलं नेहमीचं विचारलं, “काकासाहेब, चहा घेता का?”

‘नको’ जिभेच्या टोकावर आलं. बद्रीनाथ मोठ्यानं खोकले. काकासाहेबांनी डोळे मिटले आणि विहिरीत उडी टाकावी तसं म्हणाले, “हो! आन बिस्कुटंबी.”

“साहेब, तुम्ही?”

“नको, नको. स्टँडवर आत्ताच झाला,” सोमेश्वर म्हणाला.

“बरं.”

मीनानं एकच कप आणला. सोमेश्वर कपाकडे, मग दाराकडे, मग पुन्हा कपाकडे बघू लागला. काकासाहेबांनी बशीत चहा ओतून मोठा भुरका मारला.

“बघतो काय?” ते म्हणाले. “न्हाई म्हणलास ना? हक्क आहे तुझा.”