बाबांची बस आणि माझं तोंड

"सूनबाई, पहिला नंबर नको. शेवटचा आला तरी चालेल. पण रोज! एक दिवस चुकला की गेलं सगळं!"

माझे सासरे डोळ्याच्या ऑपरेशनला निघताना दारात उभं राहून हे बोलले. इतर घरांत अशा वेळी माणसं किल्ल्या, कागद, गोळ्या कुठे आहेत ते सांगून जातात. आमच्या बाबांनी मला गेमचं स्टीअरिंग दाखवलं.

बाबा चौतीस वर्षं बस चालवून निवृत्त झाले. लांब नाकाची, लाल बस. आता ते टीव्हीसमोर स्टीअरिंग बसवून गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळतात. त्या गेममध्ये सलग तीनशे पासष्ट दिवस हजेरी लावली, की बक्षीस म्हणून तशीच लांब नाकाची बस मिळते. विकत मिळत नाही, जिंकून मिळत नाही. फक्त हजेरीनं! बाबांचे तीनशे चोपन्न दिवस झाले होते. आणि डॉक्टर म्हणाले, "दहा दिवस पडद्याकडे बघायचं नाही."

म्हणजे मधले दहा दिवस मी सांभाळायचे आणि तीनशे पासष्टाव्या दिवशी बाबांनी नव्या डोळ्यांनी आपल्या बसमध्ये बसायचं, असं ठरलं.

"काळजीच करू नका, बाबा," मी म्हटलं. "नेम म्हणजे काय ते मला सांगायला नको."

आता हे जरा फुशारकीचं वाटेल, पण खरं होतं ते. बावीस वर्षं मी पहाटे उठते, दिवा लावते, वीस मिनिटं मौन धरते. तापातही चुकवलेलं नाही. शिवाय कोणालाही वावगा शब्द बोलायचा नाही, हा दुसरा नेम. आमच्या प्रार्थना मंडळातल्या बायकांना मी नेहमी सांगते, "राग आला की पाण्याचा घोट तोंडात धरावा. राग उतरेपर्यंत गिळू नये." मला स्वतःला तो घोट कधी लागला नव्हता. हेही मी त्यांना सांगते. म्हणजे सांगत असे.

तर, पहिला दिवस. दिवा झाला, मौन झालं, मी टीव्ही लावला. पडद्यावर आलं: अपडेट होत आहे, दोन टक्के.

मी भाजी चिरली. तीन टक्के. कपडे धुतले, वाळत घातले, वाळले, घड्या केल्या. एकोणचाळीस टक्के! त्या गेममध्ये एवढं काय भरत होते कोण जाणे. संध्याकाळी पाचला ते संपलं, तेव्हा कळलं की नवीन काय आलं, तर ड्रायव्हरला घालायच्या अकरा टोप्या.

बरं, आता तरी शर्यत? छे! आधी एक चक्र फिरवा. मी फिरवलं. बक्षीस मिळालं: बदकासारखा वाजणारा हॉर्न. मग एक मेकॅनिक मुलगी आली आणि बोलायलाच लागली. तिचं बोलणं टाळता येत नाही. मी भिंतीवर आपटले तरी ती म्हणते, "वा! काय वळण घेतलंस!" मी गवतात गेले, "वा!" मी उलट्या दिशेला पाच मिनिटं गेले, तरी तिला माझा अभिमान! इतकं खोटं गोड बोलणं मी लग्नाच्या कार्यालयातही ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसाचं काम होतं: गाडीला जांभळा रंग लावा. तिसऱ्या दिवशी दीपगृहाशेजारी उभं राहून गाडीचा फोटो काढा. चौथ्या दिवशी टोपी बदला. शर्यतीच्या गेममध्ये शर्यत सोडून सगळं होतं!

आणि शर्यत असली की ती अशी, की मी हळू गेले तर पुढच्या गाड्याही हळू, आणि मी जिवाच्या आकांतानं पुढे गेले की शेवटच्या वळणावर त्या रबरानं बांधल्यासारख्या पाठीमागून येऊन धडकणार. वर, धडक बसली मला आणि पाच सेकंदांचा दंडही मलाच!

"असं कसं हो?" मी हेडफोनमध्ये विचारलं.

हेडफोनमध्ये कंडक्टरकाका असायचे. बाबांच्या बसवर सव्वीस वर्षं तिकिटं फाडलेले. निवृत्त झालेल्या सात जणांचा त्यांनी एक गट केलाय, नाव 'डेपो'. रोज अकराला सगळे आपापल्या घरून हजर.

"सूनबाई, जो समोर असतो त्यालाच दंड," काका म्हणाले. "गाडी कोणाची धडकली, ते यंत्राला दिसत नाही."

"पण हा अन्याय आहे!"

"हो. आणि सिग्नलला थांबू नकोस. तो चित्रातला आहे."

मी पहिले चार दिवस प्रत्येक सिग्नलला थांबत होते. मागून येणाऱ्याला हात दाखवून पुढे जाऊ देत होते. काका म्हणायचे, "डेपोच्या इतिहासात इतकी सभ्य गाडी झाली नाही." मला बरं वाटायचं. खोटं का बोलू?

पण सातव्या दिवसापासून गेमनं नियम बदलला. नुसती हजेरी चालणार नाही, पहिल्या दहांत यायला हवं! म्हणजे वर्षभर माणसाला सवय लावायची आणि शेवटच्या आठवड्यात पायाखालची फळी काढायची. त्या दिवशी मी मौनाच्या वेळेतच खेळले. म्हटलं, तोंड तर बंद आहे ना! आठव्या दिवशी मंडळाची प्रार्थना अर्धा तास उशिरा ठेवली आणि कारण सांगितलं "पाहुणे". नवव्या दिवशी सकाळी अकराला जमलं नाही, म्हणून संध्याकाळी पुन्हा बसले, तर आमचे हे ऑफिसातून आले आणि म्हणाले, "अगं, भाताचा वास..." मी म्हटलं, "अहो, वळण आहे!" भाताचा कोळसा झाला. पण मी नववी आले!

आतल्या खोलीतून पट्टी बांधलेल्या बाबांनी विचारलं, "झाला का दिवस?"

"झाला, बाबा! तीनशे त्रेसष्ट!"

 पलंगावर बसून त्यांनी दोन्ही हात हवेत धरले आणि मोठं स्टीअरिंग वळवल्यासारखं सावकाश वळवलं. मी दाराच्या फटीतून पाहिलं. म्हटलं, आता जीव गेला तरी चालेल, पण ही बस आणायचीच.

तीनशे चौसष्टावा दिवस. हे बाबांना पट्टी काढायला घेऊन गेले होते. घरात मी एकटी. अकराला शर्यत सुरू झाली. चौथ्या फेरीत मी दहावी होते. दहावी म्हणजे पुरे! आणि तेवढ्यात मागून धाडकन धक्का! 'वादळ सात' नावाची एक पिवळी गाडी. मी गवतात. पुन्हा रस्त्यावर आले, पुन्हा धक्का! दंड मला! पुन्हा दहावी, पुन्हा धक्का! मेकॅनिक मुलगी म्हणाली, "वा! काय वळण घेतलंस!"

पुढचं मला नीट आठवत नाही. एवढंच आठवतं, की मी उभी राहिले होते आणि घरात कोणीतरी ओरडत होतं. फार भयंकर आवाज होता. शेजारच्यांचा कुत्रा भुंकायचा थांबला. मग लक्षात आलं, की ओरडणारी मीच!

  आणि मग हेडफोनमध्ये एक अनोळखी, वयस्कर, नम्र आवाज आला.

"माफ करा हो ताई. मी वादळ सात. ब्रेक कुठला आणि गती कुठली, हे अजून लक्षात राहत नाही माझ्या. काल मुलीनं शिकवलं. तुम्हाला फार लागलं का?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. मी "नाही, नाही" म्हणेपर्यंत पडदा लाल झाला. असभ्य भाषेबद्दल खातं चोवीस तास बंद. सलग हजेरी: शून्य.

आमच्या घरातल्या फोनला "आईला फोन लाव" म्हटलेलं सहा वर्षांत समजलेलं नाही. आणि या यंत्राला माझ्या तोंडचा शब्दन् शब्द समजला!

फोन वाजला. कंडक्टरकाका. "सूनबाई," ते हळूच म्हणाले, "आता तूसुद्धा?"

त्या 'सुद्धा'कडे लक्ष द्यायला मी शुद्धीवर नव्हते.

एक वाजता दोघं परत आले. बाबा काळा चष्मा लावून दारातच थबकले. "अरे, हा खिडकीचा पडदा निळा आहे? मी सहा वर्षं करडा समजत होतो! सूनबाई, तुझ्या कपाटाला केवढी धूळ गं!" लहान मुलासारखे घरभर हिंडले. साबणाच्या वडीवरची अक्षरं वाचली. मग आपल्या खुर्चीत बसले, स्टीअरिंगवरून हात फिरवला आणि म्हणाले, "उद्या!"

"बाबा," मी म्हटलं, "मी एक चूक केली."

आणि टीव्हीकडे बोट दाखवलं. मग यांनी टीव्ही लावला. बाबांनी पडद्याकडे पाठ केली, कारण डॉक्टरांचा दहावा दिवस अजून संपायचा होता. आमचे हे विमा कचेरीत आहेत. नोटिसा वाचायची त्यांना सवय. त्यांनी त्याच सुरात वाचायला सुरुवात केली.

"तुमच्या खात्यावरून पुढील वाक्ये ऐकू आली. एक: मेल्या. दोन: मुडद्या. तीन: डोळे फुटले का तुझे. चार: तुझी चारही चाकं निखळून पडोत. पाच: तुझ्या टाकीत पाणी जावो. सहा..." ते थांबले. माझ्याकडे पाहिलं. वीस वर्षांच्या संसारात असं पाहिलं नव्हतं. "सहा मी वाचत नाही."

"वाच," बाबा म्हणाले.

त्यांनी तो सहावा शब्द वाचला. मी तो इथे लिहीत नाही. तो मला येतो, हेच मला माहीत नव्हतं.

बाबा सावकाश वळले. "हा शब्द आमच्या डेपोतला आहे. तू कुठे ऐकलास?"

"तुमच्याकडूनच, बाबा," मी मान खाली घालून म्हटलं. "तुम्ही खेळता तेव्हा स्वयंपाकघरात ऐकू येतं."

यांचं वाचन चालूच होतं. एकदा नोटीस हाती आली की ते शेवटच्या ओळीपर्यंत थांबत नाहीत. "यापूर्वीची कारवाई: तीन वेळा. पहिली, सलग हजेरी दिवस एक्केचाळीस. दुसरी, दिवस दोनशे तीन. तिसरी, दिवस तीनशे साठ. कारण: असभ्य भाषा."

"बंद कर ते!" बाबा ओरडले.

 मग बाबांनीच घसा साफ केला.

"डॉक्टर म्हणाले होते, ऑपरेशन महिन्यानं केलं तरी चालेल. मीच म्हटलं, आत्ताच करा."

"का, बाबा?"

"मागच्या वेळी तीनशे साठाव्या दिवशी तोंड सुटलं माझं. शेवटचे दहा दिवस माझ्यानं निभणार नाहीत, हे मला ठाऊक होतं." त्यांनी चष्मा सारखा केला. "घरात एकच तोंड असं होतं, की त्याच्यावर बस सोपवावी."

"मग शिवी ऐकली की यंत्र खातं बंद करतं, एवढं तरी सांगायचं होतंत!"

"तुला? माशाला कोणी सांगतं का, बुडू नकोस म्हणून?"

यापेक्षा त्यांनी मला सहा नंबरचा शब्द दिला असता, तर बरं वाटलं असतं.

"जाऊ दे," बाबा उठत म्हणाले. "चौऱ्याहत्तराव्या वर्षी पुन्हा वर्षभराचा नेम कुठे धरायचा. खरीखुरी चौतीस वर्षं चालवलीच आहे की." आणि खोलीत जाताना त्यांनी स्टीअरिंगवर टॉवेल टाकला. दिवसाची शेवटची फेरी संपल्यावर ड्रायव्हर टाकतात तसा.

संध्याकाळी मंडळात माझं बोलणं होतं. विषय महिन्याभरापूर्वीच ठरलेला: गोड वाणी. मी समोर बसले आणि माझ्या तोंडून चकार शब्द फुटेना. दहा मिनिटं झाली. शेवटी एक बाई डोळे पुसत म्हणाल्या, "ताईंनी न बोलता केवढं सांगितलं!" बाकीच्यांनी माना डोलावल्या. खरं सांगायला तोंड उघडावं, तर आत काय काय भरलंय याची आता मला खात्री नव्हती. मी तशीच उठून घरी आले.

दुसऱ्या दिवशी पहाटे दिवा लावला. मौन धरलं, पूर्ण वीस मिनिटं, स्टीअरिंगला हात न लावता. कपाटाची धूळ पुसली. बाबांच्या उशाशी चहा ठेवला आणि म्हटलं, "बाबा, बस मी आणते." ते झोपेत असावेत. नसावेतही. कूस बदलून भिंतीकडे तोंड करून राहिले.

साडेअकराला बंदी उठली. टॉवेल काढून मी त्याची नीट घडी केली. माइकची वायर ओढून काढली. तेवढ्यावर माझा भरवसा नव्हता, म्हणून तांब्या घेतला आणि पाण्याचा मोठा घोट तोंडात भरला.

पडद्यावर आलं: दिवस एक.

पहिल्याच वळणावर मागून धाडकन धक्का बसला. पिवळी गाडी. पाच सेकंदांचा दंड मला.

माझे गाल टम्म फुगले होते. डोळ्यांत पाणी आलं, नाकात पाणी गेलं. पण घोट मी गिळला नाही.