संत्रं की खोळ

टेलरमास्तरांना कोटाचं माप एका दमात घेता येईनासं झालं. टेप खांद्यापासून कंबरेपर्यंत आणली की ते गिऱ्हाइकाला "आलोच" म्हणून मागे जायचे, आणि परत येईपर्यंत आकडा विसरायचे. प्रोस्टेटची गाठ वाढली होती. लेसरनं काढावी लागणार, एवढं ठरलं. कुठल्या लेसरनं, यावर मात्र घर उसवायची वेळ आली.

कारण नात्यात दोन अनुभवी माणसं होती. सुनेचे वडील, म्हणजे व्याही, फळांचे व्यापारी. त्यांची गाठ मोठ्या इस्पितळात काढली होती.

"आमची संत्रं पद्धत," ते म्हणाले. "साल जागच्या जागी, गर तेवढा सोलून बाहेर. आता नळ सोडल्यासारखं होतं."

मास्तरांच्या बायकोचा भाऊ गाद्या विकायचा. त्याची गाठ बाजारातल्या छोट्या दवाखान्यात काढली होती.

"सोलणंबिलणं जुनं झालं, दाजी," तो म्हणाला. "माझी खोळ पद्धत. खोळीला धक्का नाही, आतली गादी अलगद बाहेर. आता रात्री एकदा पडलो की सकाळीच उठतो."

सून म्हणाली, "बाबांचं ऐकलं नाही तर ते काही बोलणार नाहीत. पण त्यांना लागेल."

"आणि माझ्या भावाला काय मन नाही?" बायको म्हणाली.

मुलगा दोघींकडे बघून मान डोलावत राहिला. मास्तर निर्णय लांबवत गेले, कोट रखडत गेले. शेवटी एका नवरदेवाच्या कोटाची एक बाही आखूड निघाली, तेव्हा त्यांनी तोड काढली. दोन्हीकडे दाखवायचं.

सकाळी सुनेबरोबर मोठ्या इस्पितळात तपासणी झाली. संध्याकाळी बायकोबरोबर छोट्या दवाखान्यात. बायको बाहेर बसली. मास्तर आत गेले आणि दारातच थबकले. खुर्चीत सकाळचेच डॉक्टर.

"काही विचारायचं राहिलं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुम्ही इथे?"

"सकाळी तिथे असतो, संध्याकाळी इथे."

मास्तर खुर्चीच्या कडेला टेकले. "व्याही म्हणतात संत्रं पद्धत, मेव्हणा म्हणतो खोळ. बरी कुठली?"

डॉक्टरांना दोघंही आठवले. "गाठीची वाफ करणारा लेसर असतो, तो वेगळा. तुमची गाठ मोठी आहे, आपण सोलून काढू. त्या दोघांची तशीच काढली. ते फळवाले म्हणून संत्रं, हे गादीवाले म्हणून खोळ. माणसाला कळेल असं सांगावं लागतं. तुम्ही काय करता?"

"टेलर आहे."

"मग अस्तर समजा. वरचं कापड तसंच, अस्तर तेवढं उसवून काढायचं."

बाहेर बायकोनं विचारलं, "काय ठरलं?"

"तुझ्या भावाचंच."

घरी सुनेला ते म्हणाले, "तुझ्या बाबांचंच." दोन्ही खरं होतं, त्यामुळे त्यांचा आवाजही हलला नाही. ऑपरेशन कुठे करायचं ते डॉक्टरांवर सोडलं. ते झाल्यावर व्याही आणि मेव्हणा एकाच वेळी भेटायला आले, आणि हरलेल्या माणसाकडे बघावं तसं एकमेकांकडे बघत शेजारी शेजारी बसले.

मास्तर पुन्हा एका दमात कोट मापू लागले. मग एक दिवस शेजारचा घड्याळजी दुकानात आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मलाही तोच त्रास आहे. कोणी संत्रं सांगतं, कोणी खोळ. तुम्ही दोन्ही बघितलंत. करू काय?"

मास्तरांना सगळं ठाऊक होतं. त्यांनी कात्री खाली ठेवली.

"त्या दोन्ही आता कोणी करत नाही," ते म्हणाले. "डोळे मिटून अस्तर करा."