घोट्याचे बिराजदार सर

बिराजदार सर कुणाशीही बोलताना एका पायावर उभे राहत. दुसरा पाय गुडघ्यात दुमडून मागे, हात कमरेवर, आणि चेहरा असा की जगातली सगळी माणसं अशीच उभी राहतात. बँकेच्या रांगेत तेच, स्टाफरूममध्ये तेच. एकदा शाळेत शोकसभा होती, तेव्हाही ते डाव्या पायावर उभे. मुख्याध्यापकांनी नंतर हटकलं तर म्हणाले, "स्तब्ध हुतो का न्हाई? मंग."

उदगीरला आमच्या शाळेत ते खेळाचे मास्तर होते आणि मी भूगोलाचा. घरं शेजारी शेजारी. त्यांची बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. त्यामुळे संध्याकाळचा चहा ते आमच्याकडे घेत. "बरं हाय का" असं त्यांनी कधी विचारलं नाही. "घोटा काय म्हणतो?" असं विचारत. माझं लग्न झालं तेव्हा बायको त्यांच्या पाया पडली, तर आशीर्वादाच्या आधी म्हणाले, "सूनबाई, उजवा घोटा कच्चा हाय. जिना जपून उतरा." महिन्याभरात ती जिन्यावरून पडली. तेव्हापासून त्यांच्यासमोरून जाताना ती साडी पार खाली ओढून घेई.

सर पायाळू होते, म्हणजे जन्मताना त्यांचे पाय आधी आले होते. अशा माणसाचा पाय लागला की उसण उतरते, मुरगळलेला पाय सुटतो, आणि जमिनीखालचं पाणीही त्याला कळतं, असं आमच्याकडे मानतात. कुणी कंबर धरून दारात आलं की सर पाय मांडीखाली घेऊन बसत. "लाथा घालायला मी काय गाढव हाय का?" म्हणत आणि पुढच्या माणसाला व्यायाम सांगत. माणसं व्यायाम ऐकून घेत आणि दुसरा पायाळू शोधत.

त्या साली पाऊस रुसला होता. गल्लीत टँकर यायचा आणि विहिरींच्या तळात पोरं गोट्या खेळायची. सर एका गावाहून परत येताना बसची वाट बघत बांधावर उभे राहिले, अर्थात एका पायावर. शेतकऱ्यानं लांबून पाहिलं. पायाळू माणूस, तोही एका पायावर, म्हणजे खाली पाणी असणारच. त्यानं दुसऱ्या दिवशी नारळ फोडून तिथंच खणायला घेतलं आणि खाली काळा दगड लागला. तो सरांकडे आला, पण भांडायला नाही. अदबीनं विचारू लागला, "सर, तवा उजव्या पायावर हुते का डाव्या?" सरांनी कपाळावर हात मारून घेतला.

लातूर वेगळा जिल्हा होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. त्याआधी आमच्या पोरी निवडीला उस्मानाबादला जात आणि बहुधा बाकावर बसून परत येत. आता छातीवर 'लातूर' लिहिलेला मुलींचा खो-खोचा संघ पहिल्यांदाच विभागीय स्पर्धेसाठी नांदेडला निघणार होता. संघाचे प्रशिक्षक बिराजदार सर होते, आणि त्याच उन्हाळ्यात ते रिटायर होणार होते. म्हणजे त्यांची ही पहिली खेप आणि शेवटचीही. शिंप्याचा भरवसा नाही म्हणून बनियनवरची अक्षरं त्यांनी स्वतः बसून शिवली होती. 'तू' जरा वाकडा आला होता.

संघाचा सगळा भरवसा मंगलवर होता. ही आमच्याच गल्लीतली पोरगी, आजीजवळ वाढलेली. सरावात खांबाला वळसा घालताना तिचा पाय आत मुरगळला आणि घोटा वांग्यासारखा सुजला. आजीनं सरांनाच बोलावणं धाडलं.

"सर, तुमी पायाळू. एकदा पाय लावा अन् पोरीला मोकळं करा."

"मावशी, चोळायचं न्हाई, वढायचं न्हाई," सर म्हणाले. "सुतळी लई ताणली की सैल पडती. आत तसंच झालंय. परत पीळ बसंपत्तोर दम धरा."

टँकरच्या दिवसांत बर्फ मिळणं म्हणजे चैन. सर कुल्फीवाल्याकडून बर्फ मागून आणत, टॉवेलात गुंडाळून घोट्यावर ठेवत आणि पाय ज्वारीच्या पोत्यावर उंच करून ठेवत. सूज उतरल्यावर त्यांनी मंगलला अंगठ्यानं हवेत बाराखडी लिहायला लावली. 'ज्ञ' आला की ती कळवळायची, म्हणून 'ज्ञ' पुन्हा. मग बोटांनी फडकं उचलणं, मग भिंतीला हात लावून टाचा उचलणं. शेवटी टँकरच्या रांगेत एका पायावर, डोळे मिटून उभं राहणं. रांगेतल्या बायका हसायच्या. आजी कपाळाला हात लावून म्हणे, "माज्या पोरीचा बगळा करून टाकला ह्या मास्तरानं."

निघायच्या आदल्या दिवशी सरांनी मैदानावर फक्कीनं रेघा मारल्या आणि मंगलला पळवलं. सरळ ती वाऱ्यासारखी गेली. वळताना मात्र क्षणभर ओठ दाबले आणि लगेच हसली. आम्हाला हसणंच दिसलं. सरांना दाबलेले ओठ दिसले.

"न्हाई," ते म्हणाले.

"सर, पट्टी बांधून खेळते. मला कायच दुखत न्हाई."

"दुखत न्हाई म्हणू नकोस, पोरी. तेवढं एक म्हणू नकोस."

मंगल रडली. मुख्याध्यापक म्हणाले, नव्या जिल्ह्याच्या अब्रूचा प्रश्न आहे, घट्ट बांधा आणि न्या. सरांनी ऐकलं नाही. मलाही वाटलं, म्हातारा हट्टाला पेटलाय.

संध्याकाळी चहाला आले ते उंबऱ्यावरच बसले. "पोरींबरोबर तुमी जावा," म्हणाले. "मी हितंच राहतो."

"मला खो-खोतलं काय कळतं?"

"पोरींना कळतंय. तुमी तिकिटं काढा अन् पाणी उकळून द्या." मग म्हणाले, "मी गेलो की आजी तिला वैदूकडं नेती. तो वढून ठिवतो. एवढी मेहनत मातीत."

"सर, पुढच्या वर्षी तुम्ही नसाल. हे एकदाच आहे."

"व्हय," ते म्हणाले. मग आपणहून सांगू लागले.

"माझी अक्का पळण्यात गावात पहिली. तिचा पाय मुरगळला तवा मी एवढासा. मला उचलून तिच्या घोट्यावर उभं केलं. पायाळू म्हणून लई मान हुता माझा, मी दोन उड्या जास्तीच्या मारल्या. अक्का वरडली न्हाई. म्हणली, दुखत न्हाई, बाळानं बरं केलं. दुसऱ्या दिवशी रानात गेली. पुन्यांदा मुरगळला, पुन्यांदा मला उभं केलं. आता देवणीला असती. अजून लंगडती. राखीला येती, तवा मी तिच्या तोंडाकडं बघतो, पायाकडं न्हाई."

मी आत जाऊन पिशवी भरायला घेतली.

सकाळी नांदेडच्या गाडीला ते आले. प्रत्येक पोरीच्या बुटाची नाडी स्वतः बांधली. वाकड्या 'तू'ची बनियनं घालून पोरी खिडकीतून हात हलवत राहिल्या. आम्ही दुसऱ्याच सामन्यात हरलो.

सर रिटायर झाले. पुढच्या वर्षी मंगल नव्या मास्तरांबरोबर नांदेडला गेली आणि लातूरचा संघ जिंकून आला. सगळी गल्ली स्टँडवर जमली होती, पण सर नव्हते. त्यांच्या दाराला कुलूप होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते चहाला आले. मी जरा रागानंच विचारलं, "होता कुठं?"

"देवणीला. अक्काला सांगाया गेलतो, एका पोरीचा पाय नीट झाला म्हणून." कप हातात तसाच होता. "अक्कानं इचारलं, पळती का? म्हणलं, पळती. वळती पण. अक्कानं आपल्या घोट्यावरनं हात फिरवला. मग म्हणली, बरं केलंस, बाळा."

सरांना मी इतक्या वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं. बायको साडी खाली ओढायचं विसरून त्यांच्या शेजारी उंबऱ्यावर जाऊन बसली.