बाईमाणसाची साडेसहा

पहिली रायफल कितीची घ्यावी हे मला कोणी शिकवलेलं चालत नाही. शिकारीची परीक्षा मी पहिल्या फटक्यात पास झाले. माझ्याबरोबर बसलेले चार बाप्ये नापास झाले आणि त्यातला एक वनखात्यात नोकरीला आहे. चार महिने मी पुस्तकं वाचली, तक्ते केले, वजनं आणि वेग पाठ केले. तरी गावातल्या प्रत्येक पुरुषाला माझ्या खांद्याची काळजी.

हा रायफलीचा आकडा म्हणजे नळीच्या भोकाची रुंदी, मिलिमीटरमध्ये. पण आमच्या होमोल्येच्या डोंगरात तो माणसाचीच रुंदी म्हणून धरतात. कुणालाही विचारा, तो स्वतःकडे आहे तीच रायफल सुचवणार, जशी आई दुसऱ्याच्या मुलीला आपल्याच मुलाचं स्थळ सुचवते. माझे वडील, क्रस्मान, आठवाले. माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा रादिसाव तीस-शून्य-सहावाला, कारण त्या रायफलीचा आकडा, इंचातला असला तरी, ऐकायला मोठा वाटतो. एरवी हे दोघे एका ताटात जेवले तरी या विषयावर एकमेकांचं तोंड बघत नाहीत. पण माझा विषय निघाला की सगळ्यांचं एकमत.

"ताई, तू आपली साडेसहाची घे," रादिसाव म्हणाला. "लाथ मारत नाही. बाईमाणसाला बरी."

"भाकरीचं पीठ मळायला बरी का?"

"बघ, चिडलीस. म्हणून तर हलकी घे म्हणतोय."

आता मूळ गोष्ट सांगते. कोरड्या गिरणीपाशी एक दगड आहे. रानडुकरांचा हाका सुरू झाला की वरच्या जंगलातलं प्रत्येक डुक्कर त्या दगडासमोरून खाली उतरतं. चाळीस वर्षं तिथे माझे वडील बसले. मग त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि ते म्हणाले, "जागा एकतर स्टामेन्काला, नाहीतर रादिसावला. नोव्हेंबरच्या पहिल्या हाक्यापर्यंत बघतो कोण माणसात आहे." स्टामेन्का म्हणजे मी. लहानपणापासून त्यांचा डबा घेऊन मीच त्या दगडापर्यंत चालत गेले आहे. ती जागा मला हवी होती. मंत्रिपद देऊन बदल्यात मागितली असती तरी मी दिली नसती.

परवाना घेऊन शहरातल्या दुकानात गेले. दुकानदाराने मला वरून खाली पाहिलं आणि म्हणाला, "नवऱ्यासाठी का?"

तिथे माझे चार महिन्यांचे तक्ते जळून खाक झाले.

"तुमच्याकडे सगळ्यात जाड कोणती?"

"नऊ-तीन आहे. पण ती, बाई, अस्वलाला..."

"द्या."

माझा नवरा तिहोमीर पाववाला आहे. पहाटे तीनला उठतो, पिठाची पोती उचलतो, आणि दिवसभरात चौदा शब्द बोलतो, त्यातले सहा मांजराशी. रायफल बघून तो म्हणाला, "जड आहे." मग गप्प.

बुधवारी आम्ही दगडाच्या खाणीमागे चाचणीला गेलो. त्याने पुठ्ठ्याचं डुक्कर लावलं, मी बाकावर बसले. रायफलीवरच्या दुर्बिणीला डोळा चिकटवू नये, चार बोटं अंतर ठेवावं, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. पूर्ण गुण मिळाले होते. मी डोळा चिकटवला आणि चाप ओढला.

पुढचं मला तिहोमीरने सांगितलं, कारण मी रानगुलाबाच्या जाळीत उताणी पडून आभाळ बघत होते.

"लागली का गोळी?" मी विचारलं.

"कुणाला?" तो म्हणाला आणि माझ्या भुवईवर रुमाल दाबला.

पुठ्ठ्याचं डुक्कर जसंच्या तसं होतं. माझ्या उजव्या भुवईवर दुर्बिणीच्या कडेने चंद्रकोर कोरली होती आणि खांदा संध्याकाळपर्यंत वांग्यासारखा झाला.

"हे बाबांना कळलं तर जागा गेली," मी म्हटलं. "कुणाला एक अक्षर सांगायचं नाही. मी सांगेन, कपाटाचं दार लागलं."

"मी काय सांगू?"

"तुला खोटं बोलता येत नाही. तू गप्प बस."

गप्प बसणं हा त्या माणसाचा पिढीजात धंदा. इतकं चोख काम त्याने आयुष्यात केलं नसेल.

गुरुवारी आमच्या पावाच्या दुकानात पोस्टातली ल्युबिन्का आली. माझ्याकडे बघून तिच्या हातातला पाव तसाच राहिला. "अगं बाई, हे काय?"

"कपाटाचं दार."

तिने तिहोमीरकडे पाहिलं. तिहोमीरने मान खाली घातली, कानापर्यंत लाल झाला आणि पिठाशी खेळू लागला. त्याच वेळी मी पोतं सरकवायला वाकले, मला थांबवायला त्याने मायेने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मी केकाटले, "हात लावू नकोस मला!"

दुकानात सहा बायका होत्या. सहाही गप्प. आमच्या गावात सहा बायका एकदम गप्प झाल्या की समजावं, बातमी दुपारपर्यंत खालच्या गावाला पोचणार.

शुक्रवारी निम्मा पाव खपलाच नाही. संध्याकाळी धर्मगुरू आले, तिहोमीरला बाजूला घेऊन रागाबद्दल अर्धा तास बोलले. तिहोमीर मान डोलवत राहिला. जाताना धर्मगुरू मला म्हणाले, "पश्चात्ताप आहे त्याला. डोळ्यात दिसला."

डोळ्यात पीठ गेलं होतं.

मला सगळं कळत होतं. लाज वाटत होती. पण हाका रविवारी होता. मी म्हटलं, दोन दिवस कळ काढावी, जागा मिळाली की सोमवारी खुलासा करू. नवऱ्याची अब्रू काय, सोमवारी परत आणता येईल. असा विचार मी केला, लिहायला लाज वाटते, पण केला.

शनिवारी दुपारी अकरा माणसं आली. आमच्या शिकारमंडळाची सगळी वरची फळी. पुढे कुबडी घेतलेले बाबा, मागे रादिसाव, शेवटी झिवादिन, हातात सगळ्यात जाड काठी. तिहोमीर भट्टीतून चीज भरलेल्या गिबानित्साचं तबक काढत होता. चीजच्या वासाने दोघे-तिघे क्षणभर विसरले की आपण कशाला आलोय.

"स्टामेन्का, तू घरात जा," बाबा म्हणाले.

"घर माझंच आहे."

बाबा तिहोमीरकडे वळले. "एकोणीस वर्षं तुला पिठाचं पोतं म्हणत आलो. बोल. माझ्या मुलीवर हात उचललास?"

तिहोमीरने माझ्याकडे पाहिलं. मग तबक खाली ठेवलं, ॲप्रनला हात पुसले, चष्मा काढला आणि माझ्या हातात दिला.

"जरा धर," तो म्हणाला. "काच नवीन आहे."

आणि अकरा माणसांसमोर उभा राहिला.

तो चष्मा हातात आल्यावर माझ्याने राहवलं नाही. "रायफलीने मारलं मला," मी म्हटलं.

"रायफलीच्या दस्त्याने मारलं?" रादिसाव बाह्या सरसावत पुढे आला. "ताईला, दस्त्याने?"

"अरे मूर्खा, माझ्याच रायफलीने. मीच चाप ओढला. दुर्बीण भुवईवर आली आणि मी जाळीत जाऊन पडले. याने मला उचलून आणलं. मी म्हटलं गप्प बस, म्हणून गप्प बसलाय."

मग रादिसावने जे विचारलं ते कोणत्याही शिकाऱ्याने विचारलंच असतं.

"कितीची?"

"नऊ-तीन."

अकरा माणसांनी एकदम श्वास सोडला आणि प्रत्येकाने तेच वाक्य म्हटलं. साडेसहा घे म्हटलं होतं. झिवादिन सगळ्यात मोठ्याने हसला. "बायकांचं कामच नव्हे ते."

"झिवादिन, तू हसू नकोस," मी म्हटलं. "तुझी बायको पेर्सा बावीस वर्षं कपाटाच्या दारावर आपटतेय. अख्ख्या घरात तुमच्याकडे कपाट एक. तिच्यासाठी कधी अकरा माणसं निघाली का रे? या माझ्या कोकरासाठी बरे काठ्या घेऊन आलात."

हसू थांबलं. सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले. बाबांनी कुबडी झिवादिनकडे रोखली.

"उद्या हाक्याला येऊ नकोस," ते म्हणाले. "सोमवारी आम्ही तुझ्या घरी येतो. दहा जण पुरे."

झिवादिन गेला. काठी भिंतीला तशीच राहिली.

मग बाबा दगडाच्या जागेच्या विषयावर आले. "जी आपल्याच रायफलीखाली झोपते, तिला कोरड्या गिरणीचा दगड नाही."

रादिसावने छाती पुढे काढली.

"तुलाही नाही. गेल्या वर्षी तू फोनवर बोलत बसलास. दोन डुकरं ऐकून परत फिरली. तिथे गप्प राहणारा माणूस लागतो. अकरा जण अंगावर आले तरी ज्याचं तोंड उघडत नाही, असा." ते तिहोमीरकडे वळले. "पोत्या, परीक्षा दे."

"मी कोंबडीसुद्धा मारलेली नाही," तिहोमीर म्हणाला.

"कोंबडीसाठी जागा देत नाहीये मी. गिबानित्सा काप."

यावर अपील नव्हतं. त्या वर्षी दगड रिकामा राहिला. वसंतात तिहोमीर पास झाला आणि प्रश्न आला, त्याने कितीची घ्यावी.

"तू साडेसहाची घे," मी म्हटलं. "लाथ मारत नाही. तुझा स्वभाव बघता बरी."

वाक्य तोंडातून गेल्यावर मी रादिसावसारखी दिसत असणार.

"घरात एक आहे की," तो म्हणाला.

बाबांच्या देखरेखीखाली खाणीमागे त्याने माझी नऊ-तीन हातात घेतली. एकामागून एक पाच गोळ्या झाडल्या. पाचही पुठ्ठ्याच्या डुकराच्या खांद्यात. सोळाव्या वर्षापासून ज्या खांद्यावर पन्नास किलोची पोती पडतात, त्याला ती लाथ म्हणजे मांजराने अंग घासल्यासारखी.

"झालं?" त्याने विचारलं. "मला वाटलं जास्त असेल."

आता तो दगडावर बसतो आणि मी वरच्या वळणावर, जिथून डुकरं येत नाहीत, कोल्हे मात्र भरपूर येतात. माझ्याकडे साडेसहा आहे. उत्तम रायफल. कुणी विचारलं तर सांगते, पहिल्यापासून हीच मनात होती. नवरा तेव्हा शेजारीच उभा असतो आणि गप्प बसतो.