हवा किती हवी?

आमच्या शेजारचे सावंत सर भेटले की 'काय, बरं आहे ना?' असं विचारत नाहीत. आधी तुमच्या टायरकडे बघतात, मग तुमच्याकडे, आणि भुवई वर करून विचारतात, "हवा किती हवी?"

किती आहे, नव्हे. किती हवी. नवखा माणूस गडबडतोच. एक कुरियरवाला घाम पुसत म्हणाला होता, "थोडी चालेल सर, पंखा लावलात तरी पुरे."

सर आम्हाला शाळेत विज्ञान शिकवायचे. 'दाब' हा धडा त्यांनी इतका जीव लावून शिकवला की पोरांनी त्यांचं नावच 'दाब' ठेवलं. मी त्यांची नक्कल करायचो. डावा हात कमरेवर, उजव्या हाताची चिमूट हवेत, आणि नाकातून आवाज: "हवा दिसत नाही मेल्यांनो, पण सगळा भार तिच्यावर असतो." गॅदरिंगला ही नक्कल केली तेव्हा सर पहिल्याच रांगेत बसलेले. नंतर बोलावून म्हणाले, "आवाज जमलाय. पण कमरेवर माझा उजवा हात असतो."

रिटायर झाल्यावर त्यांनी जुनी मोटार घेतली आणि शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी हवा मोजायचं गेज आलं. दाराच्या कडेला चिकटवलेला टायरचा तक्ता त्यांना रामरक्षेसारखा पाठ. तीन माणसांपर्यंत चारी टायरांत तीस. गाडी भरलेली असली तर पुढे तीसच, पण मागे छत्तीस. पेट्रोलपंपावरचा माणूस सगळ्यांना सरसकट पस्तीस मारतो, तर सर म्हणतात, "हा डॉक्टर असता तर बाळंतिणीला आणि पैलवानाला एकच गोळी दिली असती." शिवाय पंपावर जाईपर्यंत टायर गरम होतो, आणि गरम टायर खोटं बोलतो. म्हणून सकाळी चहाच्या आधी सर लेंग्यावरच पायपंप घेऊन अंगणात हजर.

आमच्या गल्लीतल्या मंग्याच्या लग्नाला तर त्यांनी कहर केला. वऱ्हाड सावर्ड्याला निघालेलं. फुलं लावलेल्या गाडीत नवरदेव धरून आठ जण कोंबलेले. सरांनी चारी टायरांना गेज लावलं आणि खिडकीत वाकून म्हणाले, "ही हवा पाच जणांची आहे. तिघं कोण उतरतंय?" मामा, आत्या, करवली, कुणी ढिम्म हललं नाही. उतरला कोण, तर मंग्या. सरांचा विद्यार्थी ना तो. मुंडावळ्या सावरत गुपचूप खाली. त्याच्यामागून लाजेकाजेस्तव दोघं उतरले. नवरदेव सावर्ड्याला पोचला तो बँडवाल्यांच्या टेम्पोतून, मांडीवर ढोल घेऊन.

एवढं हवेचं शास्त्र, पण सरांची स्वतःची गाडी मात्र बेडकासारखी उडायची. एकटेच मासळी आणायला निघाले की प्रत्येक खड्ड्याला मागची बाजू टुणकन वर, आणि आत सरांची टोपी छताला. मी त्याचीही नक्कल बसवली होती, खुर्चीवर उड्या मारत. सगळी गल्ली हसायची.

मे महिन्यातल्या एका शनिवारी सर इस्त्रीचा शर्ट घालून अंगणात उभे होते. पुण्याहून त्यांची मधुरा, जावई आणि दोन नातवंडं दुपारच्या गाडीने येणार होती. दिवाळीपासून येणार येणार चाललेलं. सर चावी आणायला आत गेले आणि मला लहर आली. गेज बॉनेटवरच होतं. बेडकाचं गुपित शोधावं म्हणून मागच्या चाकाला लावलं. छत्तीस!

सर बाहेर आले तेव्हा मी चोर पकडल्यासारखा उभा. म्हटलं, "सर, एकट्याने फिरता आणि मागे छत्तीस? म्हणून उडते होय गाडी."

सर गेज पुसत म्हणाले, "स्टेशनावरून येताना पाच होणार ना आम्ही."

"ते आज. पण ही तर दिवाळीपासून उडतेय."

ते गेज पुसतच राहिले. मग मलाच समजलं. ती माणसं कधीही फोन करतील, आणि ऐनवेळी हवा कमी पडायला नको.

तेवढ्यात फोन वाजला. सर बराच वेळ ऐकत होते. "नाही गो, मी कशाला रागावतो? पोरांचे क्लास महत्त्वाचे," एवढंच म्हणाले. फोन खिशात ठेवला, मागच्या चाकाशी उकिडवे बसले आणि व्हॉल्व्हचं टोपण फिरवू लागले.

काय बोलावं सुचेनासं झालं की माझ्या तोंडातून नक्कलच येते. हात कमरेवर ठेवला, या वेळी उजवा, आणि नाकातून विचारलं, "हवा किती हवी?"

सर वर न बघता म्हणाले, "एकट्याला तीस पुरे."

"असू दे छत्तीस," मी माझ्या आवाजात म्हटलं. "आई, बाबा, ताई आणि मी. तुम्ही धरून पाच. भाट्याच्या समुद्रावर जाऊन येऊ."

टोपण त्यांच्या चिमटीत तसंच राहिलं. मनात काही हिशेब चालला असावा. मग विचारलं, "बाबांचं वजन किती?"

"ब्याण्णव."

"त्यांना मध्ये बसव."

आम्ही कोंबून बसलो. बाबा मध्ये, मी पुढे. नाक्यावरचा तो मोठा खड्डा आला तसं मी सवयीने छताला हात लावला. गाडी नुसती डुलली आणि पुढे गेली. सरांची टोपी जागच्या जागी.

"बघितलास?" सर समोर बघत म्हणाले. "दाब बरोबरच होता."