चार शाखा आणि एक अबोला

प्राध्यापकांची बायको त्यांच्याशी बोलेनाशी झाली आहे, हे प्राध्यापकांच्या लक्षात यायलाच काही दिवस गेले. यात त्यांचा दोष काढायचा तर जरा सबुरीने काढावा. ते तेव्हा ‘मानवशास्त्राची ओळख’ या पुस्तकाचे पहिले प्रकरण लिहीत होते, आणि जगाला माणसाची ओळख करून द्यायला बसलेल्या माणसाला घरातल्या माणसाकडे बघायला सवड कुठून मिळणार?

प्रकरण अडले होते. प्रकाशकाने फोन करून स्पष्टच सांगितले होते, “सर, शाखा चार आहेत हे कळलं. पण कुठली शाखा काय करते, ते एकाच साध्या उदाहरणातून सांगा ना. घरातलंच काहीतरी घ्या.” म्हणून प्राध्यापकांनी मान वर करून घरात पाहिले. घर शांत होते. जरा वेळाने त्यांच्या ध्यानात आले की ते फारच शांत आहे.

दुसरा कुणी नवरा असता तर सरळ स्वयंपाकघरात जाऊन “काय झालं गं?” म्हणाला असता. प्राध्यापकांना तो मार्ग बंद होता. ज्यांचा अभ्यास करायचा त्यांना आल्या आल्या प्रश्न विचारू नयेत, माणूस समोरच्याला बरे वाटेल तेच सांगतो, आधी पाहावे आणि विचारावे सगळ्यात शेवटी, असे त्यांनी विद्यार्थ्यांच्या कितीतरी पिढ्यांना बजावले होते. शिवाय खरे सांगायचे तर ते घाबरले होते. बायको पूर्वी रुसली नव्हती असे नाही, पण दर वेळी रुसण्याचे कारण ती स्वतःच दोनदा-तीनदा सांगून मोकळी व्हायची. या वेळी ती काहीच सांगत नव्हती. ही आपल्याला सोडून जाणार की काय, या विचाराने त्यांचे जेवणावरचे लक्ष उडाले.

त्यांनी शारीरिक मानवशास्त्रापासून सुरुवात केली. माणसाचे शरीर, त्याची हाडे, त्याची ठेवण यांच्यावरून माणूस समजून घेणारी ही शाखा. स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून ते बायकोकडे टक लावून बसले. ती वाळली होती. चालताना मान जपत होती आणि घडीघडी हात गळ्याशी नेत होती. रागाने गळ्याच्या शिरा ताणतात, म्हणून हात तिथे जातो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. बायकोने वळून पाहिले, भुवया उंचावल्या आणि नुसते बसलेल्या माणसाच्या हातात लसणाचे ताट दिले. त्यांनी मुकाट्याने लसूण सोलला.

मग भाषिक मानवशास्त्र. कोण, कुणाशी, काय आणि किती बोलतो, यावरून माणसांमधली नाती ओळखायची. इथे तर पुरावा धडधडीत होता. बायको दूधवाल्याशी बोलत होती. “उद्यापासून अर्धा लिटर कमी.” फोनवर बहिणीशी बोलत होती. “हो, येते.” शिंपिणीशीसुद्धा बोलली. “गळा मोठा ठेवा.” सगळे थोडक्यात, तुटक, पण बोलत होती. नवऱ्याच्या वाट्याला मात्र शून्य. काही समाजांत सून सासऱ्याशी बोलत नाही, जावई सासूला टाळतो, हे प्राध्यापकांना पाठ होते. पण नवऱ्याला टाळून दूधवाल्याशी बोलणारा समाज त्यांच्या वाचनात आलेला नव्हता.

तिसरी पुरातत्त्व शाखा. माणसे मागे काय टाकून जातात, त्यावरून ती कशी जगली हे शोधायचे. बायको आंघोळीला गेलेली पाहून त्यांनी कचऱ्याचा डबा बाहेर जिन्याच्या चौकात नेला, वर्तमानपत्र पसरले आणि एकेक थर उलगडायला घेतला. नेमक्या तेव्हाच वरच्या मजल्यावरच्या काकू खाली उतरल्या.

“अगंबाई! सर, काय हरवलं?”

“हरवलं नाही. थर बघतोय. हात लावू नका, हा आजचा आहे आणि हा परवाचा.”

काकूंनी साडीचा पदर नाकाला लावला, पण तिथून त्या हलल्या नाहीत. थरांमध्ये गोळ्यांचे रिकामे पाकीट होते, चघळायच्या गोळ्यांचे कागद होते आणि बसची बरीच तिकिटे होती. तिकिटे मेहुणीच्या घराच्या दिशेची. चघळायच्या गोळ्या मेहुणीच्या नातवंडांसाठी, हे उघड होते. म्हणजे बायको तिथे बस्तान हलवायच्या तयारीत होती. प्राध्यापकांनी गुडघ्यावर बसल्या बसल्या तिकिटे पुन्हा मोजली.

“घरी सगळं ठीक आहे ना?” काकूंनी आवाज खाली आणून विचारले.

मानवशास्त्राची चौथी शाखा सामाजिक. वस्तीतल्या जाणत्या माणसाला विश्वासात घ्यावे, असे ती सांगते. प्राध्यापकांनी काकूंना विश्वासात घेतले.

“ती बोलत नाही.”

“कुणाशी?”

“माझ्याशी. दूधवाल्याशी बोलते.”

काकूंचे डोळे मोठे झाले. “दूधवाल्याशी?” एवढेच म्हणून, खाली जायला निघालेल्या त्या परत वर गेल्या.

संध्याकाळपर्यंत साऱ्या इमारतीला खबर लागली होती. दुसऱ्या दिवशी दूधवाल्याला तळमजल्यावरच अडवून कुणीतरी त्याच्या बायकामुलांची चौकशी केली. तो बिचारा पिशवी दाराबाहेर ठेवून बेल न वाजवताच पळाला. दूध नासले. इमारतीचे सेक्रेटरी प्राध्यापकांच्या खांद्यावर हात ठेवून “आम्ही आहोत” म्हणाले, तेव्हा प्राध्यापकांना रडूच यायचे बाकी राहिले.

त्याच दुपारी बायको पिशवी भरताना दिसली. टॉवेल, चादर, दोन कपडे. प्राध्यापक खुर्चीतून पाहत होते. ती दाराशी गेली, चपला घातल्या आणि थांबली. मागे वळून तिने त्यांच्याकडे पाहिले. नुसते पाहिले नाही, वाट पाहिली. प्राध्यापकांना उठावेसे वाटले. पण उठलो तर तिचा निर्णय आपल्यामुळे बदलेल आणि खरे कारण कधीच कळणार नाही, असे म्हणून ते बसून राहिले. ती गेली. दार लागल्याचा आवाज ऐकून त्यांना शास्त्राचा मनापासून राग आला.

दोन-तीन तासांत त्यांच्या बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. काकू होत्या, सेक्रेटरी होते, खालचे दोन-तीन बिऱ्हाडकरू होते. सगळे खाली माना घालून बसले होते, आणि मध्येच कुणीतरी उसासा टाकत होते.

“बाईमाणूस उगाच घर सोडत नाही,” काकू म्हणाल्या.

“माझं एकच म्हणणं आहे,” सेक्रेटरी म्हणाले, “तुम्ही त्यांना विचारलंत का?”

“अजून ती पायरी आली नव्हती,” प्राध्यापक म्हणाले.

इतक्यात दार उघडले. दारात बायको, आणि तिची पिशवी हातात घेतलेली मेहुणी. खोलीभर बसलेली माणसे बघून मेहुणीच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

“काय झालं? कोण गेलं?”

“तुम्हीच गेला होतात ना,” काकू बायकोकडे बोट दाखवून म्हणाल्या. “घर सोडून. सरांशी बोलणंसुद्धा टाकलंत.”

मेहुणीने एकदा बहिणीकडे आणि एकदा प्राध्यापकांकडे पाहिले. “भावोजी, तिच्या गळ्यात गाठ आहे. डॉक्टरांनी बोलायला बंदी केलीय. दिवसाला चार-पाच वाक्यं, तीही अगदी अडलं तर. आज आमच्या घराजवळच्या दवाखान्यात ठेवून घेतील म्हणून कपडे नेले होते, पण त्यांनी परत पाठवलं. परवा ऑपरेशन आहे. नंतर आवाज राहील, न राहील, कसा राहील, कुणी सांगत नाही.” ती थांबली. “तिनं तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही लिहीत होतात. ‘हं, बरोबर आहे’ म्हणालात.”

काकूंनी पदराचे टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली.

“मग ती दूधवाल्याशी...” प्राध्यापक पुटपुटले.

“त्याला सांगावंच लागतं, नाही तर तो जास्तीचं दूध टाकून जातो. तुमच्यावर वाक्यं घालवून उपयोग नाही, असं म्हणाली ती मला. आणि ते म्हणण्यातसुद्धा तिचं एक वाक्य गेलं.”

माणसे एकेक करून उठली. सेक्रेटरींनी या खेपेला खांद्यावर हात ठेवला नाही. मेहुणीने पिशवी आत नेऊन ठेवली, बहिणीच्या पाठीवरून हात फिरवला आणि दारात प्राध्यापकांना हळूच सांगितले, “आज एखादं वाक्य उरलं असेल. बघा.”

दोघे समोरासमोर बसले. प्राध्यापकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“दुखतं का?”

तिने थोडी मान हलवली.

“बोलू नकोस,” ते घाईने म्हणाले. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली. “नाही, बोल. शिव्या दे हवं तर. पण माझ्याशी बोल. मी ऐकतोय.”

खरोखरच ते ऐकत होते. हात मांडीवर, कान पुढे, तोंड किंचित उघडे. संसाराच्या इतक्या वर्षांत हा माणूस असा बसलेला तिने पाहिला नव्हता. तिचे डोळे भरून आले. ती जरा पुढे झुकली, तिने श्वास घेतला, ओठ उघडले.

बेल वाजली.

लाँड्रीवाला होता. “बाई, मोजून घ्या,” म्हणत त्याने कपड्यांचा ढीग तिच्या हातात दिला आणि तो जिना उतरायलासुद्धा लागला. तिने ढिगाकडे पाहिले आणि त्याच्या मागून ओरडली,

“निळी चादर आमची नाही!”

तो परत आला, चादर घेऊन गेला. ती दार लावून आत आली, खुर्चीत बसली आणि तिने दोन्ही रिकामे तळहात पुढे करून दाखवले. आजचे संपले होते. बाहेर अंधारून आले तरी दिवा लावायचे दोघांनाही सुचले नाही.

“उद्याचं पहिलं मला देशील?” त्यांनी विचारले.

तिने मान हलवली.

“हो म्हणालीस का नाही म्हणालीस?” ते म्हणाले. “मला कळलं नाही.”

हे वाक्य ते त्या घरात पहिल्यांदाच बोलत होते. तिने त्यांच्याकडे नीट पाहिले, आणि ढ मुलाला शिकवावे तशी, सावकाश, पुन्हा एकदा मान हलवली.