हेल्मेट घालून जेवा

दामूदादांकडे कुणी तक्रारीचा कुत्रा घेऊन आलं, की ते कुत्र्याला खुर्ची देतात आणि मालकाला उभं ठेवतात. मग मालकाला नीट न्याहाळून विचारतात, "याला शिकवला कोनी?"

दादा उरणला आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एकटेच राहतात. सगळं आयुष्य ट्रक चालवण्यात गेलं. हे प्राण्यांचं कुठं शिकलात असं विचारलं, तर "क्लीनर सांभाललेत" एवढंच सांगतात.

आमची मांजर तिची वाळूची पेटी सोडून माझ्या चपलांत सगळं उरकायची. दादा आले. पेटी वॉशिंग मशीनशेजारी होती. त्यांनी मशीन सुरू केलं, ते धडधडायला लागल्यावर पेटीकडे बोट दाखवून मला म्हणाले, "सेक्रेटरी, बसा आता हितं. पेपर वाचा निवांत." पेटी गॅलरीत गेली आणि चपला वाचल्या. बायको मात्र तो प्रसंग आल्यागेल्याला साभिनय सांगते.

तर, दादांच्या डोक्यावर, म्हणजे पहिल्या मजल्यावर निलेश आणि स्वाती राहतात. दोघं कामाला गेले, की त्यांचा कुत्रा शेरू संध्याकाळपर्यंत गळा काढायचा. रात्रपाळी करून आलेल्यांची झोप उडाली, मीटिंग झाली. आवाज महिनाअखेरपर्यंत थांबला नाही तर शेरूला तळा गावी निलेशच्या मामाकडे सोडायचं, असं ठरलं. स्वाती तिथंच रडायला लागली. तिनं त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. मलाही रडू येत होतं, पण सेक्रेटरीला रडता येत नाही.

दादा वर गेले आणि निलेशला म्हणाले, "तू हेल्मेट उचलतोस ना, तवाच हा कापाय लागतो. हेल्मेट म्हंजे तू चाललास, ह्ये त्याला पाठ झालंय. आता हेल्मेट घालून घरातच बस."

"किती वेळ?"

"तो कंटालेपर्यंत."

झालं. निलेश हेल्मेट घालून क्रिकेट बघायला लागला, काच वर करून तळलेले बोंबील खायला लागला. गॅस सिलिंडरवाला दारातूनच दोन पावलं मागं सरकला. खाली येऊन त्यानं मला हळूच विचारलं, "त्यांच्या घरात वरून काय पडतंय का?"

शेरू खरोखरच कंटाळला. मग दोघांनी आळीपाळीनं रजा काढल्या. दार लावून बाहेर जायचं आणि तो रडायच्या आत परत यायचं. आल्यावर मिठ्या मारायच्या नाहीत. "पानी प्यायला आत आलाव, असं यायचं," दादांची सक्त ताकीद. जिन्यात दादा कान लावून बसायचे. बाहेर राहायचा वेळ हळूहळू वाढवला. मध्ये एकदा स्वातीनं न राहवून त्याला कुशीत घेतलं, तर दादांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून करायला लावलं.

शेवटी एके दिवशी दोघंही कामावर गेले. सगळी बिल्डिंग कान टवकारून बसली. दुपार झाली तरी वरून आवाज नाही. शेरू उरणलाच राहणार होता.

मी पेढे घेऊन दादांकडे गेलो. ते ताट पुढ्यात घेऊन बसले होते. भाताला हातही लागलेला नव्हता.

"जेवत का नाही?"

"ही गेल्यापासून याच टायमाला जेवतो मी," ते म्हणाले. "वर तो रडायचा, खाली मी जेवायचो. कुनीतरी हाय, असं वाटायचं."

मला एकदम आठवलं, शेरूची तक्रार बिल्डिंगभर झाली, पण ज्यांच्या डोक्यावर तो दिवसभर रडायचा, त्या दादांनी एकदाही केली नव्हती.

"मग दुपारी शेरूला खाली आणत जा ना. स्वाती हसत चावी देईल."

"नको. परत सवय लागंल."

"शेरूला?"

"मला," दादा म्हणाले, आणि त्यांनी भात कालवायला घेतला.